धडा सातवा : कच्चा रंग

१

शालिग्राम चौधरी सरांचा सातवा धडा चोरीला गेला, ही बातमी तापीतट विद्यापीठात पसरली तेव्हा पहिल्या झटक्याला बऱ्याच जणांना हायसं वाटलं. सर विद्वान होते, त्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. पण ते बोलायला लागले की समोरच्या माणसाला आपली राहिलेली सगळी कामं एकामागून एक आठवायला लागत.

धडा चोरीला कसा जातो, असं कुणी विचारेल. तर हा धडा व्हिडिओचा होता. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या रंगाईच्या कारखान्यांत कामाला असलेल्या पोरांना वर्गात येऊन बसणं जमत नाही. पाळी आज दिवसाची, तर पुढच्या आठवड्यात रात्रीची. म्हणून विद्यापीठानं एक योजना काढली होती. प्राध्यापकांनी स्टुडिओत एकदाच शिकवायचं आणि पोरांनी आपापल्या फोनवर सवड मिळेल तेव्हा पाहायचं. योजनेचं नाव ‘हवा तेव्हा तास’. ती पाहायला उद्या गांधीनगरहून समिती येणार होती आणि समितीला दाखवायला नेमका हाच धडा निवडला होता. सकाळी तो पोरांसाठी खुला झाला आणि दुपारच्या जेवणानंतर पाहतात तर साफ गायब. मूळ चित्रीकरणसुद्धा पुसलेलं.

उज्ज्वला बोरसे डीनच्या केबिनमध्ये शिरली तेव्हा आत हर्षदा बैसाणे मान खाली घालून उभी होती. हर्षदा म्हणजे स्टुडिओ सांभाळणारी मुलगी. कॅमेरा तीच लावी, धडे कापून-जोडून तीच तयार करी आणि घाबरलेल्या प्राध्यापकांना पाणीही तीच देई. नोकरी कंत्राटी होती आणि याच महिन्यात ती कायम व्हायची होती. डिंडोलीच्या तिच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

“शुं करवानुं, उज्ज्वलाबेन?” डीन देसाईसाहेब कपाळाला हात लावून बसले होते. “स्टुडिओ हिच्या ताब्यात, मशीन हिच्या ताब्यात. जेवणाच्या सुट्टीत कुठं होतीस विचारलं तर बोलत नथी. आता मी समितीला काय दाखवू, रिकामा पडदा?”

“हर्षदानं केलं असेल असं वाटतं तुम्हाला?”

“मला काय वाटतं त्याला कोण विचारतो? ट्रस्टींना नाव जोईए. संध्याकाळपर्यंत दुसरं नाव मिळालं नाही, तर उद्यापासून हिनं येऊ नये.”

हर्षदानं वर पाहिलं आणि परत मान खाली घातली. रिकाम्या वेळात वाचनालयात येऊन कॅमेऱ्याची जाडजूड पुस्तकं चाळणारी ही मुलगी उज्ज्वलाला मनापासून आवडायची.

“मग संध्याकाळपर्यंत मला द्या,” ती म्हणाली.

देसाईसाहेबांना नाही म्हणता येईना. उज्ज्वला विद्यापीठाची ग्रंथपाल होती, पण तिचं नाक पुस्तकांपुरतं नव्हतं. वाचनालयातलं घड्याळ रोज कुणीतरी पुढं ढकलतं, हे मागं तिनंच शोधून काढलं होतं. तो माणूस खुद्द देसाईसाहेब निघाल्यामुळं त्या प्रकरणाचा बोभाटा झाला नव्हता, इतकंच.

२

स्टुडिओ म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. भिंतीला हिरवा पडदा, समोर कॅमेरा, कोपऱ्यात संगणक. हा संगणक एकदा बंद केला की परत चालू व्हायला इतका रुसायचा की हर्षदा तो दिवसभर बंदच करत नसे.

“आणि कुलूप?” उज्ज्वलानं विचारलं.

“लावलं होतं ताई. पण ते बिघडलंय. जोरात ओढलं की उघडतं. सगळ्यांना माहितीय.”

“तू कुठं होतीस?”

हर्षदानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “ते नाही सांगू शकत. एकाला शब्द दिलाय.”

“अगं, नोकरी जातेय तुझी!”

“माहितीय. पण शब्द दिलाय ना.” एवढं म्हणून ती रडायला लागली. उज्ज्वलाला तिचा रागही आला आणि कौतुकही वाटलं.

मग तिनं खोली पाहायला सुरुवात केली. हिरव्या पडद्यापुढं एक प्लॅस्टिकची बादली होती. आत नुसतं लाल पाणी. तिच्या काठाला आतून झगझगीत राणी रंग चढला होता आणि फरशीवर त्याच रंगाचे थेंब दारापर्यंत गेले होते.

“हे काय?”

“सरांची साडी,” हर्षदा डोळे पुसत म्हणाली. “काल धड्यासाठी सर घरून घेऊन आले होते. कच्चा रंग कसा सुटतो ते दाखवायला. बादलीत भिजवली तर पाणी लालभडक झालं. आजच्या आठव्या धड्यात तीच साडी घेऊन रंग पक्का कसा करायचा ते दाखवणार होते, म्हणून भिजतच ठेवली होती.” ती बादलीकडं पाहून थबकली. “अगंबाई! साडी कुठं गेली?”

उज्ज्वला खाली बसली. धडा पुसणारा माणूस समजू शकतो. कुणाला चौधरी सरांचा राग असेल, कुणाला या योजनेचा. पण रंग गेलेली, ओली, ठिबकणारी साडी कोण कशाला पळवेल?

“धडा पाहिलेलं कुणी आहे का?”

हर्षदानं एका विद्यार्थ्याला फोन लावला. राहुल त्याचं नाव, पांडेसऱ्यात रंगाच्या खात्यात कामाला. मागं यंत्रांचा धडधडाट चालू होता, त्यामुळं तो ओरडूनच बोलत होता.

“मॅडम, पाहिला ना! चहाच्या सुट्टीत आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. पहिल्यांदाच सरांचा धडा पुरा पाहिला, सच्ची! सरांनी साडी पूरी खोलून कॅमेऱ्यासमोर धरली. काठावर सगळे हत्ती. त्यात एका हत्तीला सोंडच नव्हती, छपाईत उडून गेली होती! आम्ही हसून हसून बेजार. मग साडी पाण्यात घातली आणि सर म्हणाले, ‘ज्यानं ही साडी घेतली त्याला रंगातलं काडीचं कळत नाही, आणि ज्यानं ती आहेरात दिली त्याला लाजही नाही.’”

उज्ज्वलानं फोन ठेवला. सोंड नसलेला हत्ती. हा हत्ती आपण कुठंतरी पाहिलाय, असं तिला उगाच वाटत राहिलं.

कचऱ्याच्या डब्यात साडीचं पारदर्शक कव्हर सापडलं. आहेराची साडी देताना कव्हरच्या कोपऱ्याला कुंकू लावून द्यायची रीत. इथं मात्र एकाच कोपऱ्यात गर्दी झाली होती. सगळ्यात खाली जुनं, फिकट झालेलं हळदीकुंकवाचं बोट. त्याच्यावर दुसरं कुंकू, त्यात तांदळाचा दाणा चिकटलेला. तो गुजराती घरातला चांदलो. त्याच्या बाजूला ताजं कुंकू. म्हणजे ही साडी एकदा नव्हे, अनेकदा आहेरात गेली होती. एका कपाटातून दुसऱ्या कपाटात, सुखानं प्रवास करत.

आणि या सगळ्यांच्या मधोमध एक टिकली होती. चॉकलेटी, काठाला सोनेरी रेघ असलेली.

उज्ज्वलाचा हात नकळत आपल्या कपाळाकडं गेला. तिथं तशीच टिकली होती.

३

देसाईसाहेबांच्या मुलीच्या लग्नात, हॉलच्या दारात पोचल्यावर तिला आठवलं होतं की आहेराला कुंकू लावायचंच राहिलं. पर्समधली कुंकवाची डबी कोरडी पडलेली. मग आपल्याच कपाळावरची टिकली काढून तिनं कव्हरला चिकटवली होती आणि साडी साहेबांच्या बायकोच्या, देसाईबेनच्या, हातात ठेवली होती.

साडी तिनं विकत घेतली नव्हती. तिच्या भाचीच्या साखरपुड्यात ती तिलाच आहेर म्हणून मिळाली होती. घरी उघडून पाहिली तर काठावर तो बिचारा हत्ती. उज्ज्वलानं शहाण्या बाईसारखी पुन्हा घडी घातली होती, हत्ती आतल्या बाजूला येईल अशा बेतानं.

आता त्या साडीची चौकशी तिच्याकडंच आली होती. खरं बाहेर काढायचं तर डीनसमोर सांगावं लागणार होतं, की साहेब, तुमच्या मुलीला मी दुसऱ्याची साडी दिली, तीही अपंग हत्तीची. क्षणभर तिला वाटलं, कव्हर परत डब्यात टाकावं आणि गप्प बसावं. पण तिला हर्षदाची ओढणी गुंडाळणारी बोटं आठवली. तिनं कव्हर पर्समध्ये ठेवलं आणि सरळ विणकामाच्या मागशेडची वाट धरली.

सगळ्या विद्यापीठाचा संशय एकाच माणसावर होता, प्राध्यापक बाजीराव देवरे. विणकाम शिकवणारे बाजीराव सर व्हिडिओच्या नावानं रोज खडे फोडत. “मास्तर एकदा फोनमध्ये गेला की वर्गात खुर्च्याच उरतील,” असं ते जाहीर म्हणत, आणि त्या स्टुडिओत पाय ठेवणार नाही अशी त्यांनी सगळ्यांच्या देखत प्रतिज्ञाही केली होती.

ते मागाजवळच्या बाकावर एकटेच बसले होते.

“सर, सुट्टीत कुठं होता?”

“इथंच. अजून कुठं असणार? स्टुडिओत पाय ठेवणार नाही म्हटलं, तो ठेवलेला नाही. लिहून घे.”

“एकटेच होता?”

“एकटा!” ते नको इतक्या जोरात म्हणाले. “हा माग आणि मी.”

उज्ज्वलाचं लक्ष त्यांच्या कॉलरकडं गेलं. निळ्या सदऱ्याच्या कॉलरवर पांढरी, गुलाबीसर पावडर पडली होती. कानामागंही होती. आयुष्यात तेलाखेरीज काही न लावलेल्या माणसाच्या गालांवर आज एक वेगळाच तजेला होता.

“हर्षदाला काढतायत, सर. संध्याकाळी.”

बाजीराव ताडकन उठले. “हर्षदाले? कसाले? तिनी काय करं?” रागावले की ते थेट अहिराणीवर येत.

“सुट्टीत कुठं होती ते सांगत नाही. कुणाला तरी शब्द दिलाय म्हणे.”

बाजीराव सर मटकन खाली बसले आणि मागाच्या धाग्यांकडं पाहत राहिले. उज्ज्वला दारापर्यंत गेली तेव्हा मागून हळूच आवाज आला, “पोरगी येडी शे.”

४

अध्यापकांच्या खोलीत सुतकी कळा होती. शालिग्राम सर डोकं धरून बसले होते आणि त्यांचा जिवलग मित्र चेतन महाजन त्यांना धीर देत होता. दोघं एकाच सोसायटीत राहत, चेतनच्या स्कूटरवर रोज मिळून येत आणि एकमेकांच्या डब्यातलं खात. विभागप्रमुखाची जागा रिकामी होती आणि तिथं चेतनची वर्णी लागणार, असं सगळे धरून चालले होते. शालिग्रामना त्याचा आनंदच होता, कारण प्रमुख झालं की सभा घ्याव्या लागतात आणि सभेत दुसऱ्यांना बोलू द्यावं लागतं.

“बाजीरावच!” शालिग्राम सर म्हणाले. “दुसरा कुणी असूच शकत नाही. माझा धडा गाजतोय, हे त्याला बघवलं नाही.”

“अहो, माणसांना कशाला दोष देता?” चेतन घाईघाईनं म्हणाला. “मशीन आहे. मशीन कधी कधी आपोआप खातं. उज्ज्वलाताई, त्या पोरीलाही उगाच त्रास देऊ नका. मी साहेबांशी बोलतो. मशीनचीच चूक आहे म्हणून मिटवून टाकू.”

“आणि साडीही मशीननंच खाल्ली?”

चेतनला ठसका लागला.

उज्ज्वलानं कँटीनमधून वाफवलेल्या डाळीचा गरम लोचो मागवला. वर शेव, मसाला, तेलाची धार. शालिग्राम सर दुःखातही त्यावर तुटून पडले. सुरतेत लोचो समोर आल्यावर शोक जरा वेळ बाजूला ठेवतात. चेतन मात्र चमचा बोटांच्या टोकांत धरून चिमणीसारखा टोचत होता. त्याच्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या.

“हाताला काय झालं?”

“काही नाही, ताई. स्कूटरची चेन उतरली होती. चढवताना खरचटलं.”

“आपल्या स्कूटरची?” शालिग्राम सर तोंडात घास घेऊन म्हणाले. “सकाळी तर मस्त चालली.”

“तुम्ही आत आल्यावर,” चेतन म्हणाला आणि लोचोकडं बघायला लागला.

“सर, ती साडी तुम्ही कुठून आणली होती?”

“घरच्या कपाटातून. आहेराच्या साड्यांची थप्पी असते ना, त्यातली वरची उचलली. उषाला विचारलंही नाही. कव्हर तर स्टुडिओतच उघडलं.”

उज्ज्वलानं बाहेर येऊन सरांच्या पत्नीला, उषाबाईंना, फोन लावला.

“राणी रंगाची?” उषाबाई म्हणाल्या. “हां, ती वास्तुशांतीला मिळालेली. चेतनभाऊंच्या बायकोनं, विशाखानं दिली. आम्ही उघडली पण नव्हती हो, कुणाच्या तरी बारशाला होईल म्हणून ठेवली होती. का? काय झालं?”

“काही नाही. आज फोन जवळ ठेवा, परत लावीन.”

मग उज्ज्वला पार्किंगकडं वळली. सगळ्या गाड्या उन्हात ओळीनं उभ्या होत्या. एक करडी स्कूटर तेवढी वेगळी दिसली. तिच्या सीटखालून राणी रंगाचा एक ओघळ निघून जमिनीवर छोटं तळं झालं होतं. त्या स्कूटरवर रोज दोन माणसं येत.

५

संध्याकाळी डीनच्या केबिनमध्ये सगळे जमले. हर्षदा दाराशी उभी होती. तिनं आपला डबा आणि पाण्याची बाटली पिशवीत भरून आणली होती, म्हणजे लगेच निघता येईल.

“बोला बेन, नाव काय?” देसाईसाहेब म्हणाले.

“आधी हर्षदाचं नाव काढून टाका. सुट्टीत ती स्टुडिओत नव्हतीच.”

“कुठं होती?”

उज्ज्वलानं कुणाकडंच पाहिलं नाही. ती नुसती थांबली. मग कोपऱ्यातली एक खुर्ची करकरली.

“मनासंगे व्हती,” बाजीराव सर उभे राहून म्हणाले. मग घसा साफ करून मराठीवर आले. “माझ्याबरोबर होती. मागशेडमध्ये. माझा धडा घेत होती.”

कुणाला काही कळेना.

“व्हिडिओचा धडा!” ते ओरडले. “पाय ठेवणार नाही म्हणालो होतो, म्हणून तीच कॅमेरा घेऊन आली. माझी पोरंसुद्धा पाळीत काम करतात. पोरं मला फोन करून विचारायची, सर, तुम्ही कधी दिसणार? किती दिवस नाही म्हणू? पण लोक हसतील म्हणून मी हर्षदाला शपथ घातली. आणि तिनं तोंडाला पावडर लावली, ती मी लावू दिली. हसायचं असेल त्यांनी आता हसून घ्या.”

कुणी हसलं नाही. शालिग्राम सरांना हसू आलं होतं, ते त्यांनी मिशीत दाबलं. हर्षदा भरल्या डोळ्यांनी बाजीराव सरांकडं बघत होती.

“आता चोर,” उज्ज्वला म्हणाली. “मी एकाच गोष्टीवर अडले होते. धड्याचा राग असता तर धडा पुसून काम भागलं असतं. चोरानं साडीही नेली. का? तर साडी राहिली असती, तर चौधरी सरांनी तोच धडा परत केला असता. म्हणजे चोराला धड्याचं काही नव्हतं, साडी कुणाला तरी दिसू द्यायची नव्हती. कुणाला? पोरांनी तर सकाळीच पाहिली होती. ज्यानं अजून पाहिली नव्हती असा माणूस एकच. साहेब, नवा धडा तुम्ही कधी पाहता?”

“रोज चहाबरोबर. चार वागे.”

“म्हणजे चारच्या आत तो नाहीसा व्हायला हवा होता. तुमच्यापासून ही साडी कोण लपवेल? ज्याला ती तुमच्याच घरून मिळाली आणि ज्यानं ती पुढं सरकवली, तो.” तिनं पर्समधून कव्हर काढून टेबलावर ठेवलं. “हा तांदूळ चिकटलेला चांदलो देसाईबेनचा. हे ताजं कुंकू विशाखाचं. साडी विशाखाकडून उषाबाईंकडं गेली. चेतनसर, स्कूटरला बाहेर चेन नसते. पट्ट्या काढा.”

चेतननं पट्ट्या सोडल्या. दोन्ही तळवे राणी रंगानं माखलेले होते, मेंदी लावलेल्या नवरीसारखे.

“साबणानं घासले, रॉकेलनं घासले,” तो रडवेला होऊन म्हणाला. “जातच नाही.”

“साडीवरून जातो आणि हातावरून जात नाही,” शालिग्राम सर नकळत म्हणाले. “फार रंजक आहे हे.” मग त्यांना अर्थ कळला. “चेतन! तू?”

“काय करू, सर? दिवाळीला बेननी स्वतःच्या हातानं विशाखाला दिली होती. ‘खास तुझ्यासाठी’ म्हणाल्या. तो सोंड नसलेला हत्ती पाहून आम्ही घरी हसलोही होतो. आज सकाळी धडा लावला तर तोच हत्ती समोर! वर तुमचं ते वाक्य. साहेबांनी पाहिलं असतं तर? बेननी दिलेली साडी मी दुसऱ्याला दिली आणि त्यानं ती साऱ्या दुनियेसमोर पाण्यात घातली! विभागप्रमुख सोडा, शिपाई म्हणूनही कुणी ठेवलं नसतं.” मग तो हर्षदाकडं वळला. “तुझ्यावर येईल हे डोक्यातच आलं नाही गं. आल्यावर बोलायची हिंमत झाली नाही. चुकलो.”

“हिंमत नव्हती तर निदान साडी नीट पिळून तरी न्यायची,” हर्षदा म्हणाली. “फरशी कोण पुसणार होतं?”

देसाईसाहेब मघापासून कव्हरकडं टक लावून बघत होते. “चेतनभाई, साचुं कहुं? ही साडी मी आयुष्यात पाहिली नाही. दिवाळीत घरून काय कुणाला जातं, मने कंई खबर नथी. चार वाजता नाही, चोवीस तास पाहिली असती तरी ओळखली नसती.”

चेतननं रंगलेले दोन्ही हात तोंडावर घेतले.

“पण बेननी घेतली असेल तर चांगलीच असेल ने?” साहेबांना शंका आली. “रंग कसा गेला?”

आता उज्ज्वलाची पाळी होती. बाजीराव सर ताठ बसून तिच्याकडं बघत होते. त्यांच्या कानामागची पावडर अजून तशीच होती.

“बेननी घेतली नव्हती, साहेब. ही टिकली माझी आहे. तुमच्या मुलीच्या लग्नात मी दिली होती.” तिनं एका दमात सांगून टाकलं. “आणि मीही घेतली नव्हती. मला ती आहेरात आली होती. हत्ती पाहिला आणि पुढं ढकलली.”

“वा!” शालिग्राम सर टेबलावर हात आपटून उभे राहिले. दुपारपासून कोंडलेलं व्याख्यान आता सुटलं. “म्हणजे मी धड्यात म्हणालो तेच खरं! पण आहेर देणारे एक वेळ माफ. मूळ गुन्हेगार तो, ज्यानं बाजारात जाऊन ही साडी घेतली. त्याला शोधा. समितीसमोर उभा करा. अशा माणसाला सुरतेत राहायचा अधिकार नाही!”

“शोधलाय,” उज्ज्वला म्हणाली. “हे सगळ्यात खालचं हळदीकुंकू. ही साडी मला ज्यांनी दिली, त्यांना फोन लावते.” तिनं फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

“बोला ताई,” पलीकडून उषाबाई म्हणाल्या.

शालिग्राम सरांचा हात हवेतच राहिला.

“उषाबाई, माझ्या भाचीच्या साखरपुड्यात तुम्ही मला राणी रंगाची साडी दिली होती. ती कुणी आणली होती हो?”

“अहो, यांनीच!” उषाबाई ठसक्यात म्हणाल्या. “घाऊक बाजारातनं गठ्ठाच आणला होता. मी म्हटलं, उघडून तरी बघू द्या. तर म्हणे, तू कशाला बघतेस, मी रंगाचा प्राध्यापक आहे, एकदम पक्का रंग आहे, पारखून घेतलाय!”

मग पहिल्यांदा हसले ते बाजीराव सर, आणि त्यांच्या गालांवरची उरलीसुरली पावडर भुरभुर खाली पडली. त्यांच्यामागं सगळेच सुटले. हर्षदासुद्धा पिशवी छातीशी धरून हसत होती.

चेतननं दुसऱ्याच दिवशी विभागप्रमुखाच्या शर्यतीतून नाव काढून घेतलं. धडा मात्र चोर सापडला त्याच संध्याकाळी पुन्हा चित्रित झाला. स्कूटरमधून आणलेली साडी बादलीत घातली, तर अजूनही रंग सुटत होता. शालिग्राम सर ठरलेल्या वाक्यापाशी आले आणि अडखळले. हर्षदानं कॅमेरा थांबवला.

“सर, वाक्य पूर्ण करा. नाहीतर उद्या समितीला मी दुसराच धडा दाखवीन. बाजीराव सरांचा.”

सर कॅमेऱ्यात बघून म्हणाले, “ज्यानं ही साडी घेतली त्याला रंगातलं काडीचं कळत नाही. ही साडी मी घेतली होती. आता कुठं चुकलं ते आपण मिळून पाहू.” त्यापुढं ते जे बोलले ते इतकं सरळ आणि सोपं होतं की पांडेसऱ्यातल्या पोरांनी तो धडा चहाच्या सुट्टीत पुन्हा पुन्हा पाहिला, आणि समितीनंही शेवटपर्यंत पाहिला.

महिनाअखेर हर्षदाची नोकरी कायम झाली. देसाईबेननी छोटा समारंभ केला आणि तिच्या हातात एक साडी ठेवली, कव्हरला कुंकू लावून. “खास तुझ्यासाठी,” त्या म्हणाल्या.

हर्षदानं आधी कव्हरचा कोपरा उजेडात धरून नीट पाहिला. कुंकवाचं बोट एकच होतं. मग तिनं सगळ्यांच्या देखत साडी उघडली, काठावरचे मोर निरखले आणि समोरच्या पेल्यातलं पाणी पदराच्या टोकावर ओतलं. शालिग्राम सरांनी आपला पांढरा रुमाल पुढं केला. तिनं तो टोकावर घासला आणि उलटून सगळ्यांना दाखवला. रुमाल पांढराच होता.

“आता नेते घरी,” ती म्हणाली.